मोटार बाहेर काढण्याआधी मीटर लावणारा मिस्त्री

नागपूरच्या हनुमाननगरात माझी मेस आहे. खाली स्वयंपाकघर आणि जेवायचा हॉल, वर मुलींच्या भाड्याच्या खोल्या. मुली बहुतेक मेडिकलच्या, काही स्पर्धा परीक्षेवाल्या. महापालिकेचा नळ प्यायला आणि स्वयंपाकाला पुरतो. भांडी, कपडे, बाथरूम आणि कूलर हे सगळं बोअरवर चालतं. कूलर मुद्दाम वेगळे सांगितले, कारण पारा ४५ च्या वर गेला की एकेक डेझर्ट कूलर दिवसभरात किती पाणी पितो हे नागपूरकराला सांगायची गरज नाही, आणि पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून पटत नाही. त्यामुळं आमच्याकडं बोअरची मोटार बंद पडली तर तो घरातला किरकोळ बिघाड नसतो, धंदा बंद पडल्यासारखं असतं.

ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांच्या दुकानाला पाटी नाही. शटरवर निळ्या पेंटनं 'सबमर्सिबल, मोनोब्लॉक, प्लंबिंग, गडर' एवढंच लिहिलंय. सबमर्सिबल म्हणजे पाण्यात बुडवून ठेवायची मोटार, मोनोब्लॉक म्हणजे काठावर ठेवायचा पंप, आणि गडर म्हणजे गटार. नाव छापू का म्हणून विचारलं तर म्हणाले, "नका छापू ताई. मे मधे तसाई फोन बंद ठेवा लागते." म्हणून नाव नाही. आमच्या भागात 'मोटारवाले मिस्त्री' म्हटलं की पानठेल्यावरचा माणूसही बोट दाखवतो.

त्यांच्याकडं मी पोचले ती दुसऱ्या एका सर्व्हिसच्या कृपेनं. एप्रिलच्या शेवटी बोअरचं बटण दाबलं की पॅनेल, म्हणजे मोटार चालू-बंद करायचा डबा, नुसतं हुं करायचं आणि ओव्हरलोड (करंट जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच) पडायचा. मोबाइलवरून एक सर्व्हिस बोलावली. युनिफॉर्मवाली दोन पोरं आली, बटण दाबलं, आवाज ऐकला आणि सांगितलं, वाइंडिंग (मोटारीतली तारेची गुंडाळी) जळली. मोटार वर काढायची मजुरी, रिवाइंडिंग, नवी केबल धरून नऊ हजारांच्या वर आकडा सांगितला, निम्मे आधी मागितले. त्यांच्या बॅगेत मीटर असेल, पण बाहेर काही निघालं नाही. मी पैसे दिले नाहीत, आणि समोरच्या किराणावाल्या भाऊंनी मिस्त्रींना निरोप धाडला.

मिस्त्री आले ते संध्याकाळी, तोंडात खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण), हातात कापडी पिशवी. वय साठीकडं झुकलेलं. बोअरकडं गेलेच नाहीत, आधी पॅनेलसमोर स्टूल घेऊन बसले. मी विचारलं, माणसं नाही आणली का मोटार काढायला? म्हणाले, "मोटार काहाडाची घाई कायले करता? आधी वरतं तं पाहू द्या."

मग जे केलं ते इथं सविस्तर सांगते, कारण कोणत्याही मोटारवाल्याला तुम्हीही हे करायला सांगू शकता. पहिल्यांदा व्होल्टेज पाहिलं. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्या वस्तीचे कूलर-एसी एकदम चालू होतात, व्होल्टेज पडतं, आणि पडलेल्या व्होल्टेजवर मोटार सुरू व्हायलाच धडपडते, जास्त करंट ओढते, तापते. त्या दिवशी व्होल्टेज ठीक होतं. नंतर लाइन बंद करून खाली जाणाऱ्या केबलच्या तीन वायरी पॅनेलमधून सोडवल्या आणि दोन-दोनची जोडी करून ओहम (तारेचा रोध) मोजले. ३, साडेपाच, साडेआठ. मला आकडे दाखवले आणि म्हणाले, बेरीज करा. सगळ्यात मोठा आकडा बाकीच्या दोघांच्या बेरजेइतका येतो, म्हणजे आतली रनिंग आणि स्टार्टिंग, दोन्ही वाइंडिंग शाबूत. जळून तुटली असती तर एखादी जोडी काहीच दाखवत नाही, आतल्या आत चिकटली असती तर आकडा पडतो किंवा बेरीज जमत नाही. त्यानंतर मेगर, म्हणजे करंटची गळती तपासायचा मीटर, लावला. केबलच्या जॉइंटमध्ये किंवा वाइंडिंगच्या इन्सुलेशनमध्ये पाणी शिरलं असेल तर करंट अर्थकडं झिरपतो आणि मेगर एक मेगाओहमच्याही खाली येतो. आमचा शंभरच्या वर होता.

"खालची मोटार चांगली हाय ताई. वरचा डबा बिमार हाय."

डबा म्हणजे पॅनेल. त्यातला स्टार्टिंगचा कॅपॅसिटर फुगलेला होता, आणि रनिंगचा ५० एमएफडीचा (हे कॅपॅसिटरचं माप), तो मीटरवर २८ दाखवत होता. सिंगल फेज मोटारीला स्वतःहून फिरायला सुरुवात करता येत नाही, तो पहिला धक्का कॅपॅसिटर देतो. तोच मेला की मोटार जागच्या जागी करंट पीत बसते आणि ओव्हरलोड पडतो. दोन्ही बदलले. बटण दाबलं आणि टाँगटेस्टर केबलच्या एका वायरीला अडकवून अँपिअर पाहिले. दीड एचपीच्या मोटारीला प्लेटवर साडेदहा लिहिलेले, चालताना साधारण तेवढेच. वर टाकीत धो-धो पाणी. दोन कॅपॅसिटर आणि व्हिजिटचे धरून साडेआठशेच्या आत हिशेब मिटला. जुने कॅपॅसिटर माझ्या हातात ठेवून गेले.

ही गोष्ट फक्त स्वस्ताईची नाही. बोअरमधली मोटार ही न दिसणारी वस्तू आहे. आमची १६० फुटांवर टांगलेली आहे. ती जळली म्हटलं तर जळली, आपण काय खाली वाकून बघणार? एकदा वर काढली की मजुरी लागलीच, मग रिवाइंडिंगही करूनच घ्या, केबलही बदलून घ्या, असं चालतं. मोजून मग बोलणारा माणूस इथंच कामाचा ठरतो. आणि हे मोजमाप वरूनच होतं, पाऊण तासात होतं.

खरंच काढायची वेळ आली तीही पाहिली, पुढच्या जून महिन्यात. पाऊस लांबला होता. मोटार चालायची पण टाकी भरायला दुप्पट वेळ लागायचा. माझ्या मनात आलं, पाणी खाली गेलं. आजूबाजूला चार बोअर आटले होते, त्यामुळं सगळ्यांचं तेच म्हणणं. आपल्याकडं बोअरचं पाणी खडकाच्या भेगांत असतं, एकाला दीडशेला लागतं आणि भिंतीपलीकडचा तीनशेला कोरडा निघतो, त्यामुळं शेजाऱ्याच्या बोअरवरून आपल्या बोअरचा अंदाज धरण्यात अर्थ नाही, हे मिस्त्रींचं ठाम मत. टाँगटेस्टर लावला. पाणी तुटलं असतं तर मोटार हवा ओढते, अँपिअर पडतात आणि काटा नाचतो. आमचा काटा हलत नव्हता. मग मोटार चालू ठेवून बोअरच्या तोंडाशी कान लावला आणि मलाही लावायला सांगितला. "आयका. पाण्याचा आवाज येऊन राहिला नं?" खाली कुठंतरी पाणी पडत होतं, बोअरमधलं पाणी बोअरमध्येच. पाइपाला भोक होतं.

दुसऱ्या दिवशी चार माणसं घेऊन आले. आमचा पाइप एचडीपीईचा, म्हणजे प्लास्टिकचा, सव्वा इंची, अखंड. जीआयचा, म्हणजे लोखंडी, असता तर वीस-वीस फुटांच्या तुकड्यांना तिपाई लावून, चेनपुलीनं ओढून, दरवेळी क्लॅम्प आवळून एकेक सॉकेट खोलावा लागला असता, आणि त्याची मजुरीही वेगळी. अखंड पाइप म्हणजे माणसांनी खांद्यावर घेऊन सरळ चालत सुटायचं. आमच्या गल्लीतून पाइप निघाला तो पार कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत. स्कूटर थांबल्या, एक आजोबा पलीकडं जायचं म्हणून थांबले ते शेवटपर्यंत सूचना देत राहिले. मिस्त्री स्वतः बोअरच्या तोंडाशी, नायलॉनची सेफ्टी रस्सी हातात धरून. रस्सी कोणाच्याही हातात देत नाहीत. पाइप सुटला तर मोटार तळाशी जाते आणि मग ती काढण्यापेक्षा नवा बोअर परवडतो, असं त्यांचं म्हणणं.

भोक बरोबर केसिंग (बोअरला वरून घातलेला जाड पाइप) जिथं संपतं तिथं होतं. केसिंग वरच्या भुसभुशीत मातीपुरतं असतं, खाली कठीण दगड लागला की बोअर तसाच उघडा. मोटार सुरू होताना झटका मारते, पाइप पीळ खातो आणि रोज थोडा-थोडा त्या काठाला घासतो. तेवढा तुकडा कापला, कपलर टाकला, दोन्हीकडून क्लिपा आवळल्या. पुन्हा घासू नये म्हणून जुन्या ट्यूबच्या रबराचे जाड वेढे दिले आणि केबल दर दहा फुटांवर पाइपाला बांधत खाली सोडली. केबलचा जॉइंट शंका नको म्हणून नवा केला. नवा पाइप विकला असता तर मी मुकाट्यानं घेतला असता. त्यांनी सामानाचे चारशे आणि माणसांसकट मजुरीचे अठराशे घेतले.

जाता जाता पॅनेलमध्ये ड्रायरनचं रिले बसवायला सांगितलं. सबमर्सिबलला थंड ठेवणारं पाणी म्हणजे तिच्या अंगावरून वाहणारं बोअरचंच पाणी. ते संपल्यावरही चालत राहिली तर ती आतूनच भाजते. आता पाणी तुटलं की आपोआप बंद पडते. मेमध्ये टायमरही लावतो, थोडा वेळ चालू, मग बोअरला भरायला विश्रांती.

महाल भागात माझ्या दिरांच्या जुन्या वाड्यात विहीर आहे, तिथंही यांनाच पाठवलं. काठावर मोनोब्लॉक बसवलेला होता आणि उन्हाळ्यात पाणी चढेना. कॉटन मार्केटच्या बाजूला एका दुकानात त्यांना दोन एचपीची मोटार घ्यायचा सल्ला मिळाला होता. मिस्त्रींनी विहिरीत दोरी सोडून पाणी मोजलं, तीस फुटांच्या खाली गेलेलं. वरून ओढणाऱ्या पंपाचं गणित एचपीवर नसतंच. पंप पाइपातली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. तो दाब कागदावर दहा मीटरपर्यंत चढवतो, प्रत्यक्षात सहा-सात मीटरला, म्हणजे वीस-बावीस फुटांना थकतो. दोनच्या जागी पाच एचपी लावा, फरक पडत नाही. त्यांनी एक एचपीचाच ओपनवेल सबमर्सिबल पाण्यात सोडायला लावला. खालून ढकलणाऱ्या पंपाला ही अडचण नाही. दीर तेव्हापासून मला मिस्त्रींची ख्यालीखुशाली विचारतात, माझी नाही.

आता गडर. मेस म्हटली की तर्री आली, आणि तर्री आली की तेल. पोरींना सावजी हवं असतं, आठवड्यातून दोनदा करावंच लागतं. लोकांना वाटतं गटारं पावसाळ्यात तुंबतात. स्वयंपाकघराची लाइन तुंबते डिसेंबर-जानेवारीत. कढईतून गरम निघालेलं तेल-डालडा चार इंची पाइपात पोचेपर्यंत थंड होतं, भिंतीला थर धरतं, त्यावर भात, मसाला, चहापत्ती चिकटते. आधी आम्ही दरवर्षी कॉस्टिक सोडा ओतायचो. दोन-तीन आठवडे बरं चालायचं, मग पुन्हा मोरीत पाणी.

हे काम मिस्त्रींचा पुतण्या पाहतो. चेंबर उघडून स्प्रिंगचं मशीन आत घातलं, आतून थाप्या निघाल्या त्यांचं वर्णन जेवताना वाचणाऱ्यांसाठी करत नाही. सोबत निघाल्या खर्र्याच्या पन्न्या, मूठभर. हॉलमध्ये जेवायला येणारी पोरं हात धुताना मोरीत टाकतात. मिस्त्री तोंडातला खर्रा गालात सरकवून त्या पन्न्यांकडं बघत राहिले आणि पुतण्याला म्हणाले, "उचल."

त्यांनी भर दिला तो ग्रीस ट्रॅपवर. स्वयंपाकघराच्या बाहेर विटांची टाकी, तीन बाय दोन फूट, आत दोन आडव्या भिंती. पहिल्या कप्प्यात खरकटं अडतं, दुसऱ्यात पाणी थांबून गार होतं आणि तेल वर तरंगतं, तिसऱ्यातून बाहेर जाणारा पाइप टी लावून खाली बुडवलेला, त्यामुळं तळचं पाणीच पुढं जातं, तेल मागं राहतं. दर रविवारी वरचा थर काढून टाकायचा, बस. गवंडीकाम धरून साडेसहा हजार लागले. त्यानंतरचे हिवाळे मोरी तुंबली नाही. ज्यांची मेस, हॉटेल, केटरिंग आहे त्यांनी एवढं एक काम जरूर करून घ्यावं.

एक गोष्ट मला विशेष आवडली. मागच्या गल्लीतलं चेंबर भरलं तेव्हा शेजारच्यांनी आग्रह धरला, पोराला आत उतरवा, पाचशे जास्त घ्या. पुतण्या तयारही होता. मिस्त्रींनी झिडकारलं. "आमचा पोट्टा आत उतरत नाही. कितीई पैसे द्या." हे नुसतं त्यांचं मत नाही, २०१३ च्या कायद्यानं साधनांशिवाय माणूस गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे, आणि आत साठलेला वायू दोन श्वासांत माणूस पाडतो. घराच्या चेंबरपर्यंतची लाइन आपली, पुढची महापालिकेची, म्हणून आम्हाला हनुमाननगर झोन ऑफिसात तक्रार द्यायला लावली आणि गाडी आली.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, त्यानंतर मिस्त्री बरेच दिवस दुकानावर सापडत नव्हते. नंतर भेटले तेव्हा सांगत होते, लोकांना खालच्या मोटारीची काळजी. सबमर्सिबलला पुराचं काय, ती जन्मभर पाण्यातच असते. बुडाले ते पॅनेल आणि काठावरचे मोनोब्लॉक. पाणी ओसरल्यावर ज्यांनी न वाळवता बटण दाबलं त्यांचं सामान तेव्हा जळलं. बोअरमध्ये पुराचं पाणी गेलेल्यांना आधी भरपूर उपसा आणि ब्लीचिंग, मगच वापर, असं सांगत फिरले.

आता कुरबुरी, कारण त्या आहेत.

वेळ. 'येतो' म्हणजे आज किंवा उद्या, 'आत्ता येतो' म्हणजे संध्याकाळी. मार्चनंतर दुपारी एक ते चार फोन उचलतच नाहीत. कामाच्या दिवशी मात्र काम अर्धं टाकून जात नाहीत.

बाथरूमची कामं यांना देऊ नका. वरच्या मजल्यावर भिंतीतलं मिक्सर बदलायला पुतण्याला बोलावलं होतं. सीपीव्हीसीच्या (प्लास्टिक पाइपाच्या) जॉइंटला सोल्यूशन लावून ते धरायला वेळ न देता पाणी सोडलं. चार दिवसांनी खालच्या खोलीच्या छताला ओल. पुन्हा येऊन फुकट दुरुस्त केलं, हे खरं, पण तोडलेली टाइल जुळणारी मिळाली नाही आणि तिथं आता वेगळ्याच रंगाचा चौकोन आहे. साधी तोटी, बॉलव्हॉल्व्ह, टाकीचा फ्लोट ठीक करतात. कन्सील्ड आणि महागड्या फिटिंगला दुसरा माणूस बघा.

खर्रा. बोअरजवळची भिंत मी धुऊन घेतली. पुढच्या वेळी थुंकायला मातीचा डबा ठेवला, तो वापरतात.

बिल. पक्कं बिल देत नाहीत, वहीच्या पानावर हिशेब लिहून देतात. घरगुती माणसाला चालतं, पण मेसच्या हिशेबात मला ते अडतं. सामानाचं बिल हवं असेल तर इतवारी बाजारातून किंवा ते सांगतील तिथून स्वतः सामान आणायचं, मग ते फक्त मजुरी घेतात. मी आता तसंच करते. कॅपॅसिटर, केबल, व्हॉल्व्ह कोणत्या मेकचा आणि किती मापाचा हे कागदावर लिहून देतात, दुकानदारानं त्याऐवजी दुसरं काही दिलं तर परत पाठवतात.

टिल्लू पंप, म्हणजे नळातून पाणी ओढायची छोटी मोटार, लावून देत नाहीत, हेही लिहून ठेवते, कारण आमच्याच गल्लीतले दोघं त्यावरून त्यांच्यावर नाराज आहेत. नळाच्या लाइनला टिल्लू लावला की पुढच्या घरांचं पाणी तुटतं, शिवाय पाइपात ओढ निर्माण होऊन कुठं फुटकी जागा असेल तर तिथून घाणही आत येते. महापालिका ते जप्त करते. मिस्त्रींचं कारण त्याहून सोपं आहे. म्हणतात, ज्याचं पाणी तुटते तोही माझाच गिऱ्हाईक हाय.

दर सध्याचे असे: नुसतं येऊन मीटर लावून पाहायचे ३००, पुढं काम केलं तर ते त्यातच धरतात. अखंड पाइपाची मोटार काढणं-सोडणं दोनशे फुटांच्या आत साधारण १८००. दीड एचपीचं रिवाइंडिंग ३५०० च्या आसपास, तांब्याचा भाव वाढला की हाही वाढतो. गडरचं स्प्रिंग मशीन १२००. मोटार, बोअर, विहीर, ग्रीस ट्रॅप यांसाठी माझ्याकडून पाचपैकी पाच. बाथरूमसाठी दोन. बोलवायचं असेल तर होळीच्या आधी बोलवा. केबल, कॅपॅसिटर, अँपिअर एकदा तपासून घ्या, त्या वेळी ते निवांत असतात आणि चहाही घेतात.